सरायीच्या दाराला आतून कडी नव्हती

आमच्या गावच्या सरायीचं तोंड डांबरी रस्त्याकडे नाही. धारूरचा घाट उतरून येणारी एसटी तिच्या पाठीमागून जाते, आणि खिडकीतून बघणाऱ्याला दिसते ती नुसती काळ्या दगडाची, बिनझरोक्याची लांबलचक भिंत. परगावच्या माणसाला वाटतं, किल्ल्याचा एखादा तुकडा घरंगळत खाली आला असावा. तोंड बघायचं तर भिंतीला वळसा घालून पलीकडे जावं लागतं. तिकडून जुनी घाटवाट जायची, बैलांची आणि उंटांची. आता तिथे वेड्या बाभळी आहेत. वाट बदलली तेव्हा सराय काही वळून बसू शकत नव्हती, म्हणून ती जगाकडे पाठ करून राहिली.

मी या लेखात कुणाचंच नाव लिहिणार नाही. सरायीत नाव विचारत नसत. आलेल्या माणसाला आधी पाणी द्यायचं आणि मग एकच प्रश्न विचारायचा, "किती लांब जायाचं?" उत्तर आलं की त्यावरून ओवरी ठरायची. पहाटे निघणाऱ्याला दाराजवळची, दमलेल्याला आतली. तीन दिवस कुणी राहिलं तरी जात, गाव, नाव काही विचारायचं नाही. चौथ्या दिवशी मात्र विचारायचं, तेही एवढंच: "दुखनं हाय का भांडन?" दुखणं असेल तर वैद्य बघायचा, भांडण असेल तर मिटेपर्यंत राहू द्यायचं. निघणाऱ्याला "परत या" कधी म्हणायचं नाही, कारण वाटसरूचं परत येणं त्याच्या हातात नसतं. त्याला म्हणायचं, "वाट चांगली लागो."

हे सगळं मला सांगणारे चाचा त्या सरायीचे राखणदार होते. त्यांच्या आधी त्यांचे वडील होते, त्याआधी आजोबा. पहिल्याला कुणी नेमलं हे त्यांना माहीत नव्हतं. निजामाचं राज्य गेलं तेव्हा त्या कारभाराचे कागदही कुठेतरी गेले. पुढच्या कुठल्याच वहीत सरायीला राखणदार असल्याची नोंद झाली नाही. त्यांनी नोंदवून घेतलीही नाही. जे घर दुसऱ्याचं नाव विचारत नाही, ते आपलं तरी कशाला सांगेल?

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. बाबा आयुष्यभर चळवळीत होते. घरात पुस्तकं थोडी होती, पत्रकांचे गठ्ठे ढीगभर. गुलाबी, पिवळा, हिरवट, बोट लावलं तर शाई निघणारा कागद. पत्र्याच्या फटीत पत्रकं, फडताळात अंथरलेली पत्रकं, माझ्या वह्यांना घातलेली पत्रकं. पावसाळ्यात गठ्ठे भिजू नयेत म्हणून बाबा ते सरायीतल्या एका ओवरीत नेऊन ठेवत. मी त्यांच्याबरोबर जायची. चाचा मला बघून म्हणायचे, "आली का गं? बस." किती लांब जायचंय असं मला ते कधी विचारत नसत. मी लांब जाणारी नव्हते ना.

त्या ओवरीत बसून बाबांनी मला पत्रक लिहायला शिकवलं. ते म्हणायचे, "पत्रक म्हणजे बसच्या खिडकीतून हातात पडलेला कागद. माणूस पुढचा थांबा येईपर्यंत वाचणार आणि तिकिटाबरोबर फेकून देणार. त्याच्या डोक्यात एक वाक्य राहिलं तर राहिलं. ते वाक्य असं पाहिजे की भिंतीवर लिहिता आलं पाहिजे." त्यांचा दुसरा नियम असा होता की पत्रकात रडगाणं नको. मागणी करायची, गाऱ्हाणं करायचं नाही. मी हे दोन्ही नियम पाठ केले. तेरा वर्षांची असताना मी शाळेच्या पाण्याच्या टाकीवर पत्रक लिहिलं आणि टाकी धुतली गेली. त्या दिवसापासून मला वाटायचं की नीट लिहिलेलं एक वाक्य भिंतसुद्धा हलवतं.

सराय बघायला मला चाचांनी शिकवलं. मोठा दरवाजा सागाचा, त्याच्या एका फळीत छोटं दार. छोट्या दाराचा उंबरा गुडघ्याएवढा आणि चौकट खांद्याएवढी, म्हणजे पाय उचलून आणि मान घालून आत यायचं. घोड्यावर बसून कुणी आत घुसू नये म्हणून ही रचना. या छोट्या दाराला आतून कडी नव्हती. कडी निघून गेली असंही नाही. त्या फळीला कडीसाठी कधी भोकच पाडलेलं नव्हतं. सुतारानं मुद्दाम सोडलेलं. कडीच्या जागी माणूस होता. दाराच्या आत दोन्ही बाजूंना दगडी ओटे आहेत, त्या जागेला देवडी म्हणतात. डावीकडच्या ओट्यावर राखणदारानं झोपायचं, पाय दाराकडे करून. कुणी दार ढकललं की ते त्याच्या पायाला लागायचं आणि तो उठायचा. उजवा ओटा आजही खडबडीत आहे, टाकीचे घाव दिसतात. डावा मात्र गुळगुळीत, मधोमध थोडा खोलगट. तीन पिढ्यांच्या पाठींनी तो दगड घासला होता. मी लहान असताना त्यात पाणी ओतून बघायची. पाणी एका माणसाच्या आकारात थांबायचं.

आत फरसबंदी चौक आणि चारी बाजूंनी चौदा ओवऱ्या, दोन सोडून सगळ्या कमानींच्या. प्रत्येकीत दिव्याचा कोनाडा, आणि कोनाड्याच्या वर धुराची काळी जीभ. भिंतीत जनावरं बांधायच्या लोखंडी कड्या रोवलेल्या आहेत, पण सगळ्या एका उंचीवर नाहीत. चाचा मला त्यांच्यावरून इतिहास शिकवायचे.

"ही गुडघ्याएवढी कशाची?"

"शेळीची?"

"गाढवाची. कुंभार यायचे. ही कमरेएवढी?"

"बैलाची."

"शाब्बास. आन ही वरची, माझा हात पुरत न्हाई ती?"

"उंटाची!"

"उंट गेले. आता ट्रकवाले तिथं लुंगी वाळवतात."

खरंच वाळवत. घाटात गाडी बिघडली की ड्रायव्हर सरायीत येऊन पडायचे. मेंढरंवाले यायचे, पाटे-वरवंटे घडवणाऱ्या बाया यायच्या. खालच्या गावांतून अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्याकडे निघालेली, शेवटची बस चुकलेली माणसं यायची. आडाच्या काठावरच्या दगडात दोराच्या खाचा पडल्यात, त्यात माझी आख्खी करंगळी बसते. आडाशेजारी जनावरांसाठी दगडी डोणी आहे. जनावरं येणं जवळजवळ थांबलं तरी चाचा ती रोज सकाळी भरायचे. मी एकदा विचारलं, "कावून भरता चाचा? कोण पितं?" ते म्हणाले, "चिमन्या पितात. आन भरली न्हाई तर सराय बंद हाय असं दिसतं."

एक गोष्ट त्यांनी लपवली नाही, म्हणून मीही लपवत नाही. उत्तरेच्या भिंतीतल्या दोन ओवऱ्यांची तोंडं मूळ बांधकामात बाहेर होती. ज्यांना चौकात येऊ देत नसत त्यांच्यासाठी त्या होत्या. आडही त्यांना बंद होता. सरायीला दयेची जागा म्हणून डोक्यावर घेणाऱ्यांनी आधी त्या दोन ओवऱ्यांपुढे उभं राहावं. चाचांच्या आजोबांनी एका उन्हाळ्यात पहार घेऊन आतल्या बाजूनं भिंत फोडली आणि दोन्हीकडे चौकात उघडणारी दारं केली. त्या दारांना कमान नाही. वर बाभळीचं ओबडधोबड लाकूड टाकलेलं आहे आणि कडेचे दगड अजून वेडेवाकडे आहेत. त्या वर्षी बरेच मानकरी वाटसरू रागावून निघून गेले. आजोबा म्हणाले होते, "ज्याला चालत न्हाई त्यानं फुडच्या गावात उतरावं." चौदा ओवऱ्यांमध्ये मला सगळ्यांत सुंदर वाटतात ती ही दोन कुरूप दारं.

चार वर्षांपूर्वी गावातल्या किराणा दुकानदाराच्या मनात सराय भरली. त्यांना सगळे आप्पा म्हणतात. कपाळावर भस्माचे पट्टे, बोलणं गोड, सोमवारी दुकान अर्धा दिवस बंद. त्यांनी सरायीची जागा मागण्यासाठी कचेरीत अर्ज केला. सराय पाडायची आणि डांबरी रस्त्याकडे तोंड करून गाळे बांधायचे, असा बेत. ते चाचांकडेही गेले होते. मी तिथेच होते.

"चाचा, पैला गाळा तुमचा," आप्पा म्हणाले. "चहाचं हाटेल टाका. वर पंखा लावून देतो."

"गाळ्याला शटर असतंय ना, आप्पा?"

"मंग? शटर तर पायजेच की."

"मंग मला न्हाई जमनार. वढायचं कवा आन उघडायचं कवा, हेच कळनार न्हाई."

आप्पा हसले, चाचाही हसले. मला हसू आलं नाही. मी पेटले होते.

मी चाचांसमोर वही घेऊन बसले. म्हटलं, "चाचा, कचेरीत विचारतील, सराय कुणाची? काय सांगायचं?"

ते डाव्या ओट्यावर पाय सोडून बसले होते. म्हणाले, "सराय कुनाचीच न्हाई. पन कुनीतरी देवडीत झोपाया पायजे."

मी जसंच्या तसं लिहून घेतलं. घरी येऊन पत्रक लिहायला बसले, आणि पहिल्या अर्ध्या वाक्यानं माझ्या अंगावर काटा आला. सराय कुणाचीच नाही! मालकीच्या सगळ्या कज्ज्यांवर एका फटक्यात पाणी. दुसरा अर्धा भाग मात्र मला लंगडा वाटला. म्हाताऱ्याचं झोपणं मध्येच कशाला? गाऱ्हाणं वाटेल. आप्पा म्हणतील, बघा, म्हाताऱ्यानं आपली सोय बघितली. मी त्यावर रेघ मारली आणि पुढे माझं जोडलं. पत्रकावर मोठ्या टायपात छापलं गेलं: "सराय कुणाचीच नाही, म्हणून ती सगळ्यांची!" खाली चाचांचं म्हणणं म्हणून ते दिलं होतं, कारण राखणदाराचं वाक्य माझ्या वाक्यापेक्षा वजनदार. रेघ बाबांनी मारली नाही. ती मीच मारली. बाबांनी छापलेलं पत्रक हातात घेतलं, दोनदा वाचलं आणि म्हणाले, "जमलं. भिंतीवर लिहिता येईल."

पत्रक बाजारात वाटलं, एसटीच्या खिडक्यांतून दिलं, मोबाईलवर फिरलं. धारूरच्या बाजारात अनोळखी माणूस मला ते वाक्य ऐकवून गेला. कॉलेजची पोरं सराय बघायला आली. चाचांनी त्यांना पाणी दिलं आणि विचारलं, "किती लांब जायाचं?" पोरांना वाटलं, म्हातारा विनोद करतो. मी चाचांना पत्रक वाचून दाखवलं नाही, हे इथे लिहायला हवं. त्यांना उर्दू वाचता यायचं, मराठी नाही. मी म्हटलं, "तुमचं म्हणणं छापलंय." त्यांनी कागदाची घडी करून उशाशी ठेवली.

कचेरीतून सुनावणीचा कागद आला. कुठल्या कचेरीतून ते लिहीत नाही. तिथला साहेब वाईट माणूस नव्हता. तरुण होता, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा. टेबलावर माझं पत्रक होतं आणि मोठ्या टायपातल्या वाक्याखाली त्यानं निळ्या पेनानं रेघ ओढली होती. मला म्हणाला, "छान लिहिता तुम्ही." मला बरं वाटलं. त्या खोलीत, त्या क्षणी मला बरं वाटलं, हे मी विसरू शकत नाही.

आप्पांचा अर्ज त्यानं पाच मिनिटांत फेटाळला. जागा सार्वजनिक आहे, पाडता येणार नाही. मी चाचांकडे बघितलं. ते टोपी मांडीवर घेऊन बसले होते. मग साहेब त्यांच्याकडे वळला.

"आजोबा, तुम्ही तिथे राहता?"

"झोपतो."

"कुणी परवानगी दिली?"

"दिली आसंल कुनीतरी. आज्याला."

"कागद?"

चाचांनी मान हलवली. साहेबानं पत्रक उचललं आणि ते वाक्य मोठ्यानं वाचलं. "सराय कुणाचीच नाही. हे तुम्ही म्हणालात?"

मी उठले. "साहेब, ते पुढेही म्हणाले होते. मी ते छापलं नाही. ते म्हणाले होते की..."

"मॅडम, पत्रक तुमचं आहे ना? तुम्हीच त्यांच्या नावावर छापलंय. मी त्यांना विचारतोय."

मी चाचांकडे बघत राहिले. बोला, चाचा. अर्धं वाक्य उरलंय, ते बोला. हवं तर माझ्यावर ढकला, म्हणा की या पोरीनं मनानंच लिहिलं.

"बोललतो," चाचा म्हणाले. "खरं हाय ते."

साहेबानं लिहून घेतलं. महिन्याभरात जागा मोकळी करावी असा हुकूम निघाला. त्यात चाचांना "अनधिकृत रहिवासी" म्हटलं होतं. त्याच कागदाच्या वरच्या भागात आप्पांचा अर्ज फेटाळल्याचं होतं. मला हवी असलेली ओळ आणि ही ओळ यांच्यामध्ये दोन बोटांचं अंतर होतं.

बाहेर पायऱ्यांवर मी रडत होते आणि चिडत होते. "कावून न्हाई सांगितलं पुढचं? कावून, चाचा?"

ते चपला घालत होते. म्हणाले, "पयलं सरायीसाठी बोललतो, बेटा. फुडचं तिथं बोललो असतो तर ते माझ्यासाठी झालं असतं."

"मग काय झालं असतं?"

"काय न्हाई. पन मला नसतं झेपलं."

पायऱ्यांखाली आप्पा मोटारसायकल काढत होते. माझ्याजवळ थांबले. मला वाटलं, टोमणा मारतील, आणि मी उत्तर तयार ठेवलं. पण ते हळूच म्हणाले, "ताई, मी पाडनार व्हतो. पन म्हाताऱ्याला ठिवनार व्हतो." मग किक मारून निघून गेले.

महिना होता. मी म्हटलं, अपील करू, दुसरं पत्रक काढू, सह्या गोळा करू. चाचा म्हणाले, "हुकूम निघाला तवाच मी मुसाफिर झालो. मुसाफिराचे तीन दिस." हुकमाच्या दिवसापासून त्यांनी तीन दिवस मोजले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चौक धुतला. चौदाही कोनाडे फडक्यानं पुसले. आडातून पाणी ओढून डोणी काठोकाठ भरली. मी ओढू लागले तर म्हणाले, "राहू दे, तुला खाचेत दोर बसवता येत न्हाई." खरंच येत नव्हतं, दोर निसटत होता. इतकी वर्षं मी त्या खाचेत करंगळी घालून कौतुक करत होते, पाणी कधी ओढलं नव्हतं.

चाचांनीच कचेरीत निरोप धाडला होता, म्हणून त्याच दिवशी शिपाई ताबा घ्यायला आला. म्हणाला, "चाचा, चावी द्या."

"चावी न्हाई."

"अशी कशी न्हाई? सरकारी कामात मस्करी करता का?"

"अरे, चावी असती तर मीच मालक झालो नसतो का?" चाचा म्हणाले आणि स्वतःच खळखळून हसले. शिपाईही हसला. मग छोट्या दाराकडे बघून त्याचं हसू थांबलं आणि त्यानं डोकं खाजवलं. त्याला कुलूप लावायला जागाच सापडत नव्हती. शेवटी त्यानं सुतळीनं दार बांधलं.

चाचांची वळकटी एसटीच्या टपावर चढवली. लेक गेवराईकडे उमापूरला दिलेली, तिच्याकडे ते निघाले. ते बसमध्ये चढायच्या आधी मी वाकून त्यांचे पाय धरले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. बस सरायीच्या पाठीमागून गेली. त्या बाजूनं तिला बघायचं म्हणजे नुसती भिंत बघायची.

दोन महिन्यांनी सराय सुशोभित झाली. मोठ्या दरवाजाबाहेर लोखंडी जाळीचं गेट आलं, त्याला कुलूप आलं. सागाच्या त्या फळीला भोक पाडून आतून कडी बसवली. पाठीमागची काळी भिंत, डांबरी रस्त्याकडची, चुन्यानं पांढरी केली आणि तिच्यावर निळ्या रंगात, एसटीतून वाचता येईल एवढ्या अक्षरांत लिहिलं: सराय कुणाचीच नाही, म्हणून ती सगळ्यांची. त्याच्या खाली लहान अक्षरांत: आत प्रवेश करण्यास मनाई आहे.

बाबांना मी ते दाखवायला नेलं नाही. ते एकटेच जाऊन बघून आले. घरी येऊन त्यांनी पाणी मागितलं आणि म्हणाले, "त्या वाक्यात एक माणूस होता, असं मला कुणीतरी सांगायला पाहिजे होतं." मी म्हटलं, "मला माहीत होतं, बाबा."

गेल्या उन्हाळ्यात भर दुपारी मी त्या भिंतीच्या सावलीला एक बाई बसलेली बघितली. मांडीवर पोर होतं, हातात क्ष-किरणाचं मोठं पाकीट. अंबाजोगाईची बस गेली होती. वळसा घालून ती गेटपर्यंत गेली असणार आणि कुलूप बघून परतली असणार. मी तिला घरी चला म्हटलं. दारात पोचेपर्यंत मी तिला तीन प्रश्न विचारले होते: नाव काय, गाव कुठलं, कुणाच्या घरची. ती मुकाट्यानं उत्तरं देत होती. पाणी मी त्यानंतर दिलं. तांब्या तिच्या हातात देताना मला कळलं की मी काय केलं. शब्द सगळे ठाऊक असूनही माझ्या हाताला ती रीत कधी लागलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी पत्रक लिहिलं. अर्धं पान. त्यात पूर्ण वाक्य होतं, आणि ते मी कापलं होतं हेही होतं. छापायला टाकण्याआधी ते घेऊन मी उमापूरला गेले.

चाचांच्या जावयाचं मोटारसायकल दुरुस्तीचं गॅरेज आहे, मागे दोन खोल्यांचं घर. लेक मला ओळखायची. ती कपडे वाळत घालत होती, तिथूनच ओरडली, "या ताई, या! बघा की तुमच्या चाचांचं. आत येवढी जागा हाय, पंखा हाय, तरी खाट दारात. शेळीसुदिक वळसा घालून जाती. सांगून सांगून थकले, अब्बा, आत झोपा. म्हनतात, कुनी आलं तर?"

दारात आडवी खाट होती. चाचा तिच्यावर बसले होते, पाय उंबऱ्याकडे. वाळले होते. डाव्या डोळ्यात पांढरं दिसत होतं. मी समोर उन्हात उभी राहिले. ते उठले, भिंतीला हात लावत रांजणापर्यंत गेले, ग्लास भरला आणि माझ्यापुढे धरला.

"किती लांब जायाचं?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, डोळ्यांमुळे. मी म्हटलं, "चाचा, मी आहे. मी."

"वळकलं," ते म्हणाले. "पानी पी."

मी प्यायले. मग खाली बसून पिशवीतून कागद काढला आणि या वेळी वाचून दाखवला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. त्यांचं वाक्य आलं तेव्हा ओठ हलले.

"आता बराबर हाय," ते म्हणाले. मग म्हणाले, "पन आता कुनाला देनार?"

गॅरेजमध्ये कुणीतरी गाडी सुरू करून बंद करत होतं. चाचांनी विचारलं, "डोनीत पानी हाय का?"

डोणीत सिमेंट ओतून तिच्यात शोभेची झाडं लावली होती, आणि ती झाडंही वाळून गेली होती. खोटं लिहायचं नाही, हा बाबांचा तिसरा नियम, कधी वेगळा सांगावा न लागलेला. चाचांच्या वाक्याला माझं जोडलं ते सोडलं, तर तो मी कधी मोडला नव्हता.

"हाय," मी म्हटलं. "काठोकाठ."

"चिमन्या येतात?"

"लई येतात."

त्यांनी मान हलवली. त्यांना खरं वाटलं की नाही, मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. लेकीनं चहा दिला, जेवून जा म्हणाली, मी बसचं निमित्त सांगितलं. उठले तेव्हा कागद तिथेच ठेवायचा की परत न्यायचा हे मला ठरवता येत नव्हतं. शेवटी तो खाटेवर त्यांच्या उशाशी ठेवला. त्यांनी तो हातानं चाचपला आणि तसाच राहू दिला.

"येते, चाचा," मी म्हटलं.

बाहेर पडायला खाट ओलांडावी लागत होती. मला वाट द्यायला त्यांनी पाय वर ओढून घेतले, सरायीत येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी घ्यायचे तसे.

"वाट चांगली लागो," ते म्हणाले.